२-ब्रोमोब्युटेन हातात धरून: आर-एस, वाकडे बाण आणि उलटणारा कार्बन

बारावीला किंवा बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला स्टिरिओकेमिस्ट्री (रेणूची अवकाशातली मांडणी) एका प्रकरणात येते आणि मेकॅनिझम (अभिक्रिया टप्प्याटप्प्याने कशी घडते) दुसऱ्या. एकीकडे रेणूच्या उजव्या-डाव्या मांडणीला आर-एस नावं द्यायची, दुसरीकडे एका गटाची जागा दुसरा घेतो त्या एसएन-१, एसएन-२ अभिक्रियांचे टप्पे पाठ करायचे. या ताटातुटीनेच विषय अवघड होतो. इलेक्ट्रॉनची जोडी कार्बनवर नेमकी कोणत्या बाजूने येते, हा एकच प्रश्न दोन्ही प्रकरणांच्या मुळाशी आहे. तो डोळ्यांसमोर ठेवला की पाठांतर निम्म्यावर येतं. म्हणून इथे शक्य तितका एकच रेणू धरून पुढे जाऊ: २-ब्रोमोब्युटेन. त्याच्या दुसऱ्या क्रमांकाच्या कार्बनला चार वेगवेगळे गट लागलेले आहेत: ब्रोमीन, इथाइल, मिथाइल आणि हायड्रोजन. असा कार्बन म्हणजे कायरल कार्बन.

आधी मॉडेल, मग वही

कागद सपाट, कार्बन चतुष्फलकी. फॅन्ट हॉफ आणि ल बेल यांनी १८७४ मध्ये स्वतंत्रपणे हे मांडलं, आणि आजही चुका बहुतेक तिथेच होतात. त्यामुळे पहिलं काम हाताने करायचं. घट्ट मळलेली कणीक किंवा मुलांची क्ले घ्या, टूथपिक घ्या आणि चार रंगांचे छोटे गोळे किंवा मणी घ्या.

मधला गोळा २ सेंमी व्यासाचा करा. चार टूथपिक कापून साधारण पावणेसहा सेंमीच्या करा, प्रत्येकीवर टोकापासून ५ सेंमीवर पेनाने खूण करा आणि गोळ्याच्या केंद्राकडे रोखून खुणेपर्यंत खुपसा. तीन काड्या तिपाईच्या पायांसारख्या, चौथी सरळ वर. आता तिपाई टेबलावर ठेवून पट्टीने मोजा. कोन १०९.५ अंशांचा असेल तर केंद्राची टेबलापासूनची उंची काडीच्या लांबीच्या बरोबर एक तृतीयांश येते. आपल्या मापात केंद्रापासून टोकापर्यंत ६ सेंमी, म्हणजे केंद्र २ सेंमी उंचीवर आणि गोळ्याचा तळ टेबलापासून १ सेंमी वर. तळ जास्त वर असेल तर पाय एकमेकांच्या जवळ आले आहेत, कमी असेल तर फाकले आहेत. मॉडेल फिरवून चारही काड्यांना आळीपाळीने 'वरची' करा. चारही वेळा १ सेंमी आलं पाहिजे. ही तपासणी रंगीत गोळे लावण्याआधी करा, नाहीतर माप चुकतं.

आता टोकांना रंग द्या: ब्रोमीन लाल, इथाइल निळा, मिथाइल हिरवा, हायड्रोजन पांढरा. मॉडेल आरशासमोर धरा आणि आरशात दिसेल तसं दुसरं मॉडेल बनवा. दोन्ही एकमेकांवर तंतोतंत बसवायचा प्रयत्न करा. लाल आणि पांढरा जुळवला की निळा-हिरवा अदलाबदल झालेले दिसतात. निळा-हिरवा जुळवला की लाल-पांढरा बिघडतो. हे दोन रेणू म्हणजे एनॅन्शिओमर. मग दोन्ही मॉडेलांतला हिरवा काढून तिथेही निळा लावा. आता ती सहज एकमेकांवर बसतात. चार वेगळे गट का लागतात, हे व्याख्येपेक्षा या दोन मिनिटांत जास्त पक्कं होतं.

मॉडेल वहीत उतरवताना ठरलेली पद्धत अशी: दोन बंध साध्या रेषेने, म्हणजे कागदाच्या पातळीत. एक भरीव पाचर, म्हणजे आपल्याकडे येणारा. एक तुटक पाचर, म्हणजे मागे जाणारा. दोन साध्या रेषा शेजारी-शेजारी आणि दोन्ही पाचरी त्यांच्या विरुद्ध बाजूला काढा. साध्या रेषा समोरासमोर १८० अंशांत काढून मध्ये पाचरी खोचल्या, तर ते चित्र चतुष्फलकाचं राहत नाही आणि पुढचं सगळं वाचन डळमळतं.

गटांचा क्रम लावणे

आर किंवा एस ठरवण्यासाठी कान, इंगोल्ड आणि प्रेलॉग यांचे नियम वापरतात. कार्बनला थेट जोडलेल्या अणूचा अणुक्रमांक बघा, मोठा तो वर. २-ब्रोमोब्युटेनमध्ये ब्रोमीन (३५) पहिला, हायड्रोजन (१) शेवटचा. इथाइल आणि मिथाइल दोन्हीकडे कार्बनच, त्यामुळे बरोबरी झाली. मग एक पाऊल पुढे जाऊन त्या कार्बनवर काय-काय आहे त्याची यादी करा. इथाइलमध्ये कार्बन, हायड्रोजन, हायड्रोजन. मिथाइलमध्ये तिन्ही हायड्रोजन. इथाइल जिंकला. क्रम: ब्रोमीन, इथाइल, मिथाइल, हायड्रोजन.

इथे चूक होते ती बेरीज करण्याची. याद्यांमधल्या अणुक्रमांकांची बेरीज कधीही करायची नाही. मोठ्यापासून लहानाकडे यादी लावा, पहिल्याशी पहिला, दुसऱ्याशी दुसरा असा ताडून बघा, आणि जिथे पहिला फरक दिसेल तिथे थांबा. हायड्रॉक्सिमिथाइल गटाची यादी ऑक्सिजन, हायड्रोजन, हायड्रोजन (८, १, १) आणि टर्शरी ब्युटिलची कार्बन, कार्बन, कार्बन (६, ६, ६). बेरीज केली तर १० विरुद्ध १८, म्हणजे टर्शरी ब्युटिल वर. पण पहिल्याच जोडीत ८ ने ६ ला हरवलं, निकाल तिथेच लागला. हायड्रॉक्सिमिथाइल वर.

दुहेरी बंध असेल तर पलीकडचा अणू दोनदा मोजायचा, तिहेरी असेल तर तीनदा. कार्बन-ऑक्सिजन दुहेरी बंध असलेल्या कार्बनच्या यादीत ऑक्सिजन दोनदा येतो.

नियमांचा खरा कस लागतो तो कार्वोनमध्ये. हे सहा कार्बनांचं वलय आहे: पहिल्या कार्बनवर दुहेरी बंधाने ऑक्सिजन, दुसऱ्या-तिसऱ्या कार्बनमध्ये दुहेरी बंध, दुसऱ्यावर मिथाइल आणि पाचव्यावर आयसोप्रोपेनिल गट. कायरल कार्बन पाचवा. त्याला हायड्रोजन, आयसोप्रोपेनिल आणि वलयाच्या दोन बाजू जोडलेल्या आहेत. आयसोप्रोपेनिलची यादी कार्बन-कार्बन-कार्बन, तो पहिला. वलयाच्या दोन्ही बाजूंना मात्र कार्बन-हायड्रोजन-हायड्रोजन, पुन्हा बरोबरी. अजून एक पाऊल टाका. सहाव्याच्या पुढे पहिला कार्बन आहे, त्याची यादी ऑक्सिजन-ऑक्सिजन-कार्बन. चौथ्याच्या पुढे तिसरा आहे, त्याची यादी कार्बन-कार्बन-हायड्रोजन. म्हणजे सहाव्या कार्बनची बाजू दुसरी, चौथ्याची तिसरी. बरोबरी असेतो पुढे जायचं, ती सुटली की थांबायचं. अनेकजण एक पाऊल आधीच अंदाजाने ठरवून मोकळे होतात.

या कार्वोनचं एस रूप बाळंतशेपांच्या वासात असतं आणि आर रूप स्पिअरमिंट जातीच्या पुदिन्याच्या वासात. अणू तेच, बंध तेच, उत्कलनबिंदूही तोच. वेगळी आहे ती फक्त अवकाशातली मांडणी, आणि तेवढ्यावरून आपलं नाक दोन्ही अचूक ओळखतं, कारण नाकातली ग्राहक प्रथिनं स्वतःच कायरल आहेत. डावा हातमोजा उजव्या हातात बसत नाही, तसंच.

आर की एस: हाताने वाचा

पुस्तकी पद्धत अशी: चौथा गट तुमच्यापासून दूर ठेवा आणि पहिल्याकडून दुसऱ्याकडे, तिथून तिसऱ्याकडे बोट फिरवा. घड्याळाच्या दिशेने फिरलं तर आर, उलट फिरलं तर एस. हायड्रोजन मागे, ब्रोमीन वर बाराच्या जागी, इथाइल चारच्या जागी, मिथाइल आठच्या जागी असेल, तर फेरी घड्याळाप्रमाणे जाते. तो रेणू (आर)-२-ब्रोमोब्युटेन.

परीक्षेत हायड्रोजन नेमका भरीव पाचरीवर किंवा कागदाच्या पातळीत दिलेला असतो. भरीव पाचरीवर असेल तर जसं दिसतं तसं वाचा आणि उत्तर उलटं करा. पातळीत असेल तर मनातल्या मनात रेणू फिरवत बसू नका, हात वापरा. अंगठा चौथ्या गटाच्या दिशेने रोखा आणि बाकीची बोटं मिटताना एक-दोन-तीन अशी वळतात का बघा. उजव्या हाताने जमलं तर आर, डाव्यानेच जमलं तर एस. रेणू कसाही काढलेला असो, ही पद्धत चालते. फक्त पाचरी बघून अंगठा खरोखर पुढे किंवा मागे न्यायला विसरू नका.

फिशर प्रक्षेपात, म्हणजे कार्बन अधिक चिन्हासारखा काढतात त्या चित्रात, आडव्या रेषा आपल्याकडे येतात आणि उभ्या मागे जातात. हायड्रोजन बहुधा आडव्या रेषेवर असतो, म्हणून वाचलेलं उत्तर उलटायचं. प्रक्षेप कागदावरच १८० अंशांत फिरवला तर चालतो. ९० अंशांत फिरवला की आडव्याच्या उभ्या होतात आणि नकळत आरशातला रेणू तयार होतो.

दोन कायरल कार्बन असतील तर प्रत्येकाचं वाचन वेगळं करा. चिंचेला आंबटपणा देणारं टार्टारिक आम्ल हे उत्तम उदाहरण आहे. निसर्गातलं टार्टारिक आम्ल (२आर,३आर), त्याचा आरशातला जोडीदार (२एस,३एस). (२आर,३एस) रूपात मात्र रेणूचा अर्धा भाग दुसऱ्या अर्ध्याची आरशातली प्रतिमा असतो. कायरल कार्बन दोन असूनही तो रेणू कायरल नाही. हे मेसो रूप. म्हणून 'दोन केंद्रं, चार रूपं' हे सूत्र डोळे झाकून लावू नका, इथे रूपं तीनच आहेत. लुई पाश्चरने १८४८ मध्ये याच आम्लाच्या सोडियम-अमोनियम क्षाराचे उजवे-डावे स्फटिक चिमट्याने वेचून वेगळे केले होते.

आणखी एक गैरसमज आत्ताच दूर करू. आर म्हणजे ध्रुवित प्रकाश उजवीकडे वळवणारा आणि एस म्हणजे डावीकडे, असं नसतं. आर-एस हे आपण कागदावर लावलेल्या क्रमाचं नाव आहे. अधिक (उजवीकडे) किंवा उणे (डावीकडे) हे चिन्ह पोलारिमीटर या उपकरणात प्रकाश किती वळतो ते बघून मिळतं. एस लॅक्टिक आम्ल प्रकाश उजवीकडे वळवतं, तर त्याचाच मिथाइल एस्टर डावीकडे. कायरल कार्बनचा एकही बंध तुटलेला नसतो, लेबलही एसच राहतं, तरी चिन्ह बदलतं.

वाकडा बाण काय सांगतो

बाण इलेक्ट्रॉनच्या जोडीचा प्रवास दाखवतो, अणूचा नाही. शेपूट नेहमी इलेक्ट्रॉन असतील तिथे: एकाकी जोडीवर किंवा बंधाच्या मध्यावर. टोक ती जोडी जिथे जाणार तिथे. 'प्रोटॉन ऑक्सिजनवर जातो' असं आपण बोलतो, म्हणून हात आपसूक प्रोटॉनकडून ऑक्सिजनकडे बाण काढतो. हा बाण चूक आहे. प्रोटॉनकडे इलेक्ट्रॉनच नाहीत. बाण ऑक्सिजनच्या जोडीकडून प्रोटॉनकडे जायला हवा.

मिथाइल ब्रोमाइड आणि हायड्रॉक्साइड घ्या. पहिला बाण ऑक्सिजनच्या एकाकी जोडीपासून कार्बनकडे. दुसरा कार्बन-ब्रोमीन बंधाच्या मध्यापासून ब्रोमीनकडे. आता दोन गोष्टी तपासा. कार्बनवर बंध किती? एक आला, एक गेला, चारच. दुसरा बाण विसरलात तर कार्बनवर पाच बंध होतात, आणि अभ्यासाच्या सुरुवातीला सगळ्यात जास्त दिसणारी चूक हीच. विद्युतभार किती? आधी उणे एक हायड्रॉक्साइडवर, नंतर उणे एक ब्रोमाइडवर. दोन्ही बाजूंची बेरीज जुळली नाही तर बाण चुकलेत, पुढे जाऊ नका. हा हिशेब प्रत्येक टप्प्यावर करायचा, शेवटी एकदम नाही. एका इलेक्ट्रॉनच्या प्रवासासाठी अर्ध्या टोकाचा बाण वापरतात. तो मुक्तमूलकांसाठी, इथे त्याचं काम नाही.

एसएन-२: मागून येणारी जोडी

आता मॉडेल पुन्हा हातात घ्या. (आर)-२-ब्रोमोब्युटेनवर सोडियम अझाइड वापरू. अझाइड चांगला न्यूक्लिओफाइल (कार्बनला इलेक्ट्रॉनची जोडी देणारा) आहे आणि आम्लारी (प्रोटॉन ओढणारा) म्हणून दुबळा, त्यामुळे विलोपनाचा, म्हणजे प्रोटॉन आणि हॅलाइड निघून दुहेरी बंध होण्याचा, फाटा फारसा फुटत नाही. अझाइडची जोडी ब्रोमीनच्या बरोबर पाठीमागून, १८० अंशांतून येते, कारण कार्बन-ब्रोमीन बंधाचं रिकामं प्रतिबंधी कक्षक (जिथे इलेक्ट्रॉन शिरले की बंध तुटतो अशी जागा) मुख्यतः त्या बाजूला पसरलेलं असतं. शिवाय पुढून यायचं तर ब्रोमीनचा इलेक्ट्रॉन मेघ वाटेत आहे.

मॉडेलमध्ये लाल काडीच्या नेमक्या विरुद्ध बाजूने पाचवी काडी हळूहळू खुपसा आणि त्याच वेळी लाल काडी बाहेर ओढत जा. मधल्या क्षणी इतर तीन काड्या एका सपाट पातळीत, एकमेकींशी १२० अंशांत याव्या लागतात. ही संक्रमण अवस्था: पाचवी काडी अर्धी आत, लाल अर्धी बाहेर. आणखी ढकललं की तिन्ही काड्या पलीकडे झुकतात, जोराच्या वाऱ्यात छत्री उलटी होते तशा. यालाच वॉल्डेन इन्व्हर्जन म्हणतात. पॉल वॉल्डेनला १८९६ मध्ये मॅलिक आम्लावर काम करताना ते सापडलं. आपल्या उत्पादनात नायट्रोजन पहिला, इथाइल दुसरा, मिथाइल तिसरा. क्रम तसाच राहिला, रचना उलटली, म्हणून लेबल एस.

इथे एक सापळा आहे, तो नीट बघा. 'एसएन-२ म्हणजे आरचं एस' हे वाक्य खोटं आहे. उलटते ती रचना, आणि लेबल क्रमावर अवलंबून असतं. (आर)-२-ब्रोमो-१-मिथॉक्सिप्रोपेन घ्या. त्याच्या कायरल कार्बनवर ब्रोमीन पहिला, मिथॉक्सिमिथाइल दुसरा, मिथाइल तिसरा, हायड्रोजन चौथा. सायनाइडने ब्रोमीनची जागा घेतली. आता सायनो गटाची यादी नायट्रोजन-नायट्रोजन-नायट्रोजन (७, ७, ७) आणि मिथॉक्सिमिथाइलची ऑक्सिजन-हायड्रोजन-हायड्रोजन (८, १, १). पहिल्याच जोडीत ऑक्सिजन वर, म्हणजे मिथॉक्सिमिथाइल पहिला आणि सायनो दुसरा. रचना उलटली आणि पहिल्या-दुसऱ्याची अदलाबदलही झाली. दोन उलथापालथी एकमेकींना खाऊन टाकतात आणि उत्पादन पुन्हा आर. म्हणून आधी उलटलेलं चित्र काढा, मग क्रम नव्याने लावा, आणि लेबल अगदी शेवटी.

प्रत्येक एसएन-२ मध्ये रचना उलटतेच, हे कशावरून? १९३५ मध्ये ह्यूज आणि सहकाऱ्यांनी एक देखणा प्रयोग केला. प्रकाश वळवणारं २-आयोडोऑक्टेन त्यांनी अॅसिटोनमध्ये किरणोत्सारी आयोडाइडबरोबर ठेवलं. आयोडीन जाऊन आयोडीनच येतं, त्यामुळे रासायनिकदृष्ट्या पदार्थ तोच. किरणोत्सारी आयोडीन रेणूंमध्ये किती वेगाने शिरतं आणि प्रकाश वळवण्याची क्षमता किती वेगाने घटते, हे दोन्ही त्यांनी मोजलं. दुसरा वेग पहिल्याच्या दुप्पट निघाला. हिशेब करून बघा: १०० आर रेणूंपैकी १० मध्ये अदलाबदल झाली आणि दहाही उलटले, तर ९० आर आणि १० एस. दहा एस दहा आरना निष्प्रभ करतात, उरलेला परिणाम ८० चा. १०% अदलाबदलीत २०% घट. प्रत्येक अदलाबदलीत रचना उलटत असेल तरच हा दुपटीचा आकडा येतो.

मागून यायचं म्हणजे मागे जागा हवी. म्हणून मिथाइल सर्वांत जलद, मग प्राथमिक (एकाच कार्बनला जोडलेला), मग द्वितीयक (दोन कार्बनांना), आणि तृतीयक (तीन कार्बनांना) कार्बनवर एसएन-२ होतच नाही म्हटलं तरी चालेल. फक्त कार्बनचा प्रकार बघून मात्र भागत नाही. निओपेंटिल हॅलाइड प्राथमिकच, पण शेजारच्या कार्बनवरचे तीन मिथाइल वाट अडवतात, आणि वेग इथाइलच्या सुमारे लाखाव्या भागावर येतो.

एसएन-१: आधी निघून जाणं

३-ब्रोमो-३-मिथाइलहेक्झेन पाण्यात घ्या. इथे ब्रोमाइड आधी एकटाच निघतो आणि मागे धन भार असलेला सपाट कार्बन, म्हणजे कार्बोकॅटायन, राहतो. पाणी दोन्ही बाजूंनी येऊ शकतं, म्हणून आर आणि एस दोन्ही अल्कोहोल मिळतात. पुस्तकात ५०-५० लिहिलेलं असतं. प्रत्यक्षात उलटलेलं रूप बहुधा थोडं जास्त येतं, कारण निघालेला ब्रोमाइड काही क्षण जवळच रेंगाळतो आणि ती बाजू झाकतो. बाण तीन टप्प्यांत काढा: बंध तुटणे, पाण्याची जोडी येणे आणि शेवटी दुसऱ्या पाण्याच्या रेणूने प्रोटॉन नेणे. हा तिसरा टप्पा गाळला की ऑक्सिजनवर धन भार तसाच राहतो आणि भारांची बेरीज लगेच चुगली करते.

कार्बोकॅटायन दिसला की पुढचा प्रश्न न विसरता विचारा: शेजारच्या कार्बनवरून हायड्राइड (इलेक्ट्रॉनच्या जोडीसह हायड्रोजन) किंवा मिथाइल सरकला तर जास्त स्थिर कॅटायन मिळेल का? २-ब्रोमो-३-मिथाइलब्युटेन पाण्यात तापवलं की मुख्यतः २-मिथाइल-२-ब्युटेनॉल मिळतं, कारण हायड्राइड सरकून द्वितीयक कॅटायनचा तृतीयक होतो. हा सरकण्याचा बाणही बंधापासूनच निघतो.

परीक्षानळीत फरक बघा

हे सगळं प्रयोगशाळेत पाच मिनिटांत दिसतं. १-ब्रोमोब्युटेन, २-ब्रोमोब्युटेन आणि टर्शरी ब्युटिल क्लोराइड असे तीन नमुने घ्या. चष्मा, हातमोजे आणि फ्यूम हूड हवंच, आणि जवळपास ज्योत नको, कारण अॅसिटोन पटकन पेटतो.

पहिली चाचणी एसएन-२ साठी. १५ ग्रॅम सोडियम आयोडाइड अॅसिटोनमध्ये विरघळवून एकूण १०० मिली द्रावण करा. तीन कोरड्या परीक्षानळ्यांत प्रत्येकी २ मिली घ्या, एकेकीत एका नमुन्याचे २ थेंब घालून हलवा. सोडियम आयोडाइड अॅसिटोनमध्ये विरघळतं, सोडियम ब्रोमाइड आणि क्लोराइड विरघळत नाहीत, म्हणून हॅलाइड सुटला की पांढरा साका दिसतो. १-ब्रोमोब्युटेनच्या नळीत तो खोलीच्या तापमानाला तीनेक मिनिटांत येतो. २-ब्रोमोब्युटेनला ५० अंश सेल्सिअसच्या पाण्यात नळी धरून पाच-सहा मिनिटं द्यावी लागतात. टर्शरी ब्युटिल क्लोराइडची नळी स्वच्छच राहते.

दोन गोष्टींनी ही चाचणी फसते. नळी ओली असेल तर साका पाण्यात विरघळून जातो. आणि पाणी ५० च्या वर गेलं तर अॅसिटोन उडायला लागतो (तो ५६ अंशांना उकळतो) आणि सोडियम आयोडाइडच खाली बसून खोटा साका देतं. शंका आली तर थोडा अॅसिटोन घालून हलवा. आयोडाइडचा साका विरघळेल, ब्रोमाइडचा नाही.

दुसरी चाचणी एसएन-१ साठी. इथेनॉलमधलं १% सिल्व्हर नायट्रेट २ मिली घ्या आणि नमुन्याचा १ थेंब घाला. चांदीचा आयन हॅलाइडला ओढून काढतो, इथेनॉल कॅटायनला सांभाळतं. टर्शरी ब्युटिल क्लोराइडमध्ये लगेच पांढरा साका, १-ब्रोमोब्युटेनमध्ये बराच उशिरा किंवा गरम केल्यावर. दोन चाचण्यांतला क्रम उलटा होतो, हीच बघण्याची गोष्ट आहे. सिल्व्हर नायट्रेट बोटांना लागलं तर काळे डाग दिवसेंदिवस जात नाहीत. उरलेलं द्रावण सिंकमध्ये न ओतता वेगळ्या बाटलीत साठवा.

द्वितीयक हॅलाइड आणि मेंथॉलची खुर्ची

प्राथमिक आणि तृतीयक कार्बनचा निर्णय सोपा. डोकेदुखी द्वितीयकची. तिथे समोर कोण आहे ते बघा. अझाइड, आयोडाइड, सायनाइड किंवा थायोलेट असेल आणि द्रावक डीएमएफ (डायमिथाइलफॉर्मामाइड), डीएमएसओ (डायमिथाइल सल्फॉक्साइड) किंवा अॅसिटोन असेल तर एसएन-२ धरा. इथॉक्साइडसारखा तगडा आम्लारी असेल तर ई-२ विलोपन पुढे जातं: २-ब्रोमोप्रोपेन आणि सोडियम इथॉक्साइड इथेनॉलमध्ये ५५ अंशांना सुमारे ८०% प्रोपीन देतात. हायड्रॉक्साइड बघून सवयीने अल्कोहोल लिहिणाऱ्यांचे गुण इथेच जातात.

ई-२ मध्येही बाजूचाच प्रश्न आहे. जाणारा प्रोटॉन आणि जाणारा हॅलाइड एकाच पातळीत, पण विरुद्ध तोंडांना हवेत. साखळी फिरून ते जुळवून घेते. सहा कार्बनांच्या वलयाला तशी मोकळीक नाही. ते खुर्चीच्या आकारात वाकलेलं असतं, आणि तिथे दोघेही अक्षीय (वलयाला उभे, सरळ वर किंवा खाली) असावे लागतात, एक वर आणि शेजारचा खाली.

मेंथॉलपासून मिळणारे मेंथिल क्लोराइड आणि निओमेंथिल क्लोराइड घ्या. फरक एकाच कार्बनवर क्लोरीन कुठल्या बाजूला आहे इतकाच. दोन्हींची खुर्ची काढा. निओमेंथिलमध्ये आयसोप्रोपिल आणि मिथाइल वलयाच्या पातळीत बाहेरच्या बाजूला आरामात बसतात आणि क्लोरीन आधीच अक्षीय असतो. शेजारच्या दोन्ही कार्बनांवर विरुद्ध तोंडाचा अक्षीय हायड्रोजन तयार आहे, म्हणून सोडियम इथॉक्साइडने दोन्ही अल्कीन मिळतात आणि जास्त प्रतिस्थापित ३-मेंथीन सुमारे तीन चतुर्थांश येतं. मेंथिलमध्ये स्थिर खुर्चीत तिन्ही गट बाहेरच्या बाजूला. क्लोरीन अक्षीय करायला खुर्ची उलटावी लागते आणि तिन्ही गट एकदम अक्षीय होऊन दाटी होते. त्या अवस्थेत आयसोप्रोपिलच्या कार्बनवर हव्या त्या जागी हायड्रोजनच नसतो, तिथे आयसोप्रोपिल बसलेला असतो. उरतो फक्त दुसऱ्या बाजूचा कार्बन, म्हणून मिळतं फक्त कमी प्रतिस्थापित २-मेंथीन, आणि तेही सुमारे २०० पट हळू. झायत्सेफचा नियम (जास्त प्रतिस्थापित अल्कीन मुख्य) पाठ करून इथे उत्तर येत नाही. खुर्ची काढली की येतं.

हातासरशी एक गणित सोडवून बघा: सिस-२-ब्युटीनवर ब्रोमीन. दुहेरी बंधाच्या एका तोंडाला ब्रोमोनियमचं तीन अणूंचं वलय तयार होतं, मग ब्रोमाइड त्याच्या पाठीमागून येतो, एसएन-२ सारखाच. दोन्ही कार्बनांवर हल्ला होऊ शकतो, म्हणून दोन्ही चित्रं काढा, प्रत्येक कार्बनचा क्रम लावा (ब्रोमीन, मग ब्रोमीन असलेला शेजारचा कार्बन, मग मिथाइल, मग हायड्रोजन) आणि हाताने वाचा. एक (२आर,३आर) आणि दुसरं (२एस,३एस) यायला हवं, समसमान. तुमचं उत्तर मेसो आलं असेल, तर एकतर दोन्ही ब्रोमीन एकाच तोंडाला लागलेत, नाहीतर सुरुवातीला ट्रान्स-२-ब्युटीन काढलंय.